फौजीच्या बायकोचं नैराश्य आणि फोनवरची स्वमदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझे यजमान चोवीस वर्षं नोकरी करून नायब सुभेदार म्हणून घरी आले. त्यातली जेमतेम सात वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. मधल्या काळात मी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या, फोनवर एक कोर्स सुरू केला, सोडला, परत धरला. हे कळल्यापासून ओळखीच्या आणि अनोळखी बायका मला प्रश्न पाठवतात, आणि ते फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. घाई असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी प्रश्न ३ वाचा.

१. यांची फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही तिथे) बदली झाल्यापासून काही गोडच लागत नाही. ही नुसती आठवण आहे की डिप्रेशन?

आठवण आली की रडू येतं, पण शेजारणीने हळदीकुंकवाला ओढून नेलं की तासभर तरी बरं वाटतं. नैराश्यात तो तासही जड जातो. डॉक्टर ढोबळमानाने दोन आठवड्यांचा हिशोब धरतात. दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असतं किंवा आवडीच्या कशातच जीव रमत नाही. जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःलाच दोष देणं यांतलं बरंच काही असतं.

आपल्याकडे बायका 'उदास' हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. अंग ठणकतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, पोरांवर उगाच हात उठतो, असं सांगतात. मी स्वतः सहा महिने कंबरदुखीची औषधं घेत होते. मात्र एक काम आधी करा: थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. यांची कमतरता किंवा बिघाड असला तरी माणूस असाच गळून जातो, आणि मग कितीही कोर्स केले तरी उपयोग नाही.

२. नऊ प्रश्नांचा फॉर्म भरला, १३ गुण आले. म्हणजे मी वेडी झाले का?

नाही. तो फॉर्म म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते विचारतो आणि ० ते २७ गुण देतो. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र. तुमचे १३ मध्यमात येतात. हे निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे, ताप कशाचा ते डॉक्टरच सांगणार.

फॉर्म रोज भरू नका. दोन आठवड्यांतून एकदा भरा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. मनाला 'काहीच फरक नाही' असं वाटत असताना १३ चे ९ झालेले असतात, हे मी स्वतःच्या कॅलेंडरवर पाहिलंय. १५ किंवा वर असाल तर नुसत्या फोनवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. आणि नववा प्रश्न वेगळा आहे, तो जीव नकोसा होण्याच्या विचारांबद्दलचा. त्याला 'अजिबात नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर दिलं असेल, तर एकूण गुण किती हे बघायचंच नाही. सरळ पुढच्या प्रश्नाकडे या.

३. सकाळ होऊच नये असं वाटतं. हे कुणाला सांगायचं?

आज सांगायचं, आणि माणसाला सांगायचं, ॲपला नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक आहे. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जीव आत्ताच धोक्यात असेल तर ११२, किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय. तिथे डिपेंडंट कार्ड (फौजीच्या कुटुंबाचं ओळखपत्र) शोधत बसू नका.

एकटं राहू नका. जाऊ, नणंद, शेजारीण, कुणालाही 'आज रात्री माझ्याजवळ झोप' एवढंच म्हणा. कारण नंतर सांगता येतं. घरात फवारणीचं औषध किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जाऊ दे. पोलीस केसची भीती बऱ्याच जणी घालून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं धरलंय की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घ्यायची आहे.

४. ऑनलाइन स्वमदत म्हणजे ते मोटिव्हेशनचे व्हिडिओ का?

नाही, आणि माझं मत विचाराल तर ते व्हिडिओ आजारी बाईला आणखी खाली ढकलतात. 'उठा, लढा' ऐकून उठता आलं असतं तर आजार कसला?

स्वमदत म्हणजे ठरावीक पाठ, आणि प्रत्येक पाठानंतर गृहपाठ. बहुतेक चांगले कोर्स सीबीटी या उपचारपद्धतीवर उभे असतात. मनात आलेला विचार कागदावर उतरवायचा आणि तो कितपत खरा आहे ते तपासायचं. टाळलेली कामं हळूहळू परत सुरू करायची. अडचण सुटी करून बघायची. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तयार झालेला मूडजिम हा या प्रकारातला जुना आणि बराच अभ्यासला गेलेला कोर्स. गृहपाठ नसेल तर ती करमणूक समजा.

५. पण खरंच गुण येतो का?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात येतो. इंग्लंडमध्ये सरकारी डॉक्टरांना मार्गदर्शन करणारी नाइस ही संस्था कमी तीव्रतेच्या नैराश्यात मार्गदर्शनासह स्वमदत पहिल्यांदा सुचवा म्हणते. यातला 'मार्गदर्शनासह' हा शब्द महत्त्वाचा. २०२१ साली अनेक चाचण्यांतल्या हजारो लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात दिसलं की सौम्य त्रास असेल तर एकटीने केलेला कोर्सही जवळपास तेवढाच चालतो. त्रास वाढत जातो तसा मागे कुणी विचारणारं असण्याचा फायदा वाढतो.

फौजींच्या बायकांबद्दल मोठा अभ्यास अमेरिकेतला आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. अडीच लाखांहून जास्त आर्मी पत्नींच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. नवरा इराक किंवा अफगाणिस्तानात जितका जास्त काळ, तितकं नैराश्याचं निदान जास्त. त्यांचं जगणं वेगळं, आपलं वेगळं. त्यांच्याकडे सासूबाई नसतात, हे चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा. पण 'तूच एकटी हळवी' असं कुणी म्हणालं तर हा अभ्यास त्यांना सांगा.

६. दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात सुटला. माझ्यातच दोष आहे का?

कोर्स अर्ध्यात सुटणं हे सगळ्याच ऑनलाइन कोर्सचं जुनं दुखणं. त्यात नैराश्याने आधी उमेदच जाते, म्हणजे आजारच कोर्सच्या वाटेत आडवा पडलेला.

मला तिसऱ्यांदा जमलं ते एका बाईमुळे. आमच्या क्वार्टरच्या खालच्या मजल्यावरची हवालदाराची बायको, दहावी नापास, नैराश्य हा शब्द तिला ठाऊक नव्हता. मी तिला फक्त इतकं सांगितलं होतं, की दर सोमवारी आणि गुरुवारी मला विचार, 'ताई, लिहिलं का?' ती विचारायची. कधी नुसतं जिन्यातून ओरडून. लाजेने का होईना, मी वही उघडायचे.

तेव्हा कोर्स निवडण्याआधी विचारणारी निवडा. समजूत घालणारी नको, सल्ले देणारी तर मुळीच नको. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर पिढ्यान्‌पिढ्या फौजी घरं आहेत. तुम्ही काय म्हणताय ते न सांगता कळेल अशी एखादी म्हातारी दोन घरं सोडून सापडेल. गावात कुणीच नसेल तर टेलिमानसवर 'मला पुन्हा फोन कराल का' असं विचारता येतं.

७. इंग्रजी जमत नाही. मराठीत काय आहे?

इंग्रजीइतकं नाही, पण आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेची 'आवाहन' ही यूट्यूब वाहिनी आहे. मनाच्या आजारांवर मराठीत, आपल्या घरातली उदाहरणं देऊन तिथे तज्ज्ञ बोलतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर आणि लिहूनही समुपदेशन करते. टेलिमानसचं वर सांगितलंच. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ रोजी टेलिमानसचा खास सैन्यदलांसाठीचा कक्ष सुरू झाला, तो जवानांच्या कुटुंबांसाठीही आहे. तिथे 'फील्ड', 'एसएफ क्वार्टर', 'मूव्ह' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

कोर्स इंग्रजीच मिळाला तरी गृहपाठ मराठीत लिहा. मनातल्या मनात स्वतःला शिव्या देतो त्या मराठीतच देतो ना?

८. अंथरुणातून उठवत नाही. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपण म्हणतो, बरं वाटलं की कामाला लागेन. नैराश्यात ते उलट्या बाजूने करावं लागतं. आधी हात हलवायचे, मन मागून येतं. या पद्धतीचा आपल्या शेजारी, गोव्यात, नीट अभ्यास झालाय. संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. भर होता तो ठरवून काहीतरी करण्यावर. तीव्र नैराश्यातल्या लोकांनाही त्याचा गुण आला. २०१७ मध्ये तो अभ्यास लॅन्सेट या नियतकालिकात आला. त्या बैठका समोरासमोरच्या होत्या, पण पद्धत वहीत उतरवण्याजोगी आहे.

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका. फक्त दर दोन तासांनी काय केलं आणि मन दहापैकी कितीवर होतं ते लिहा. 'दुपारी पडून रील बघितली, २. संध्याकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घातलं, ४.' चौथ्या दिवशी वही वाचा. कुठे आकडा एका घराने का होईना वर गेला ते शोधा. तेच उद्याच्या दिवसात वेळ लावून घाला. 'व्यायाम करीन' असं लिहू नका. 'साडेपाचला चप्पल घालून गेटपर्यंत जाईन' असं लिहा. गेटपर्यंत गेलात की त्या दिवसाचं काम झालं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, नुसती कर्तव्यं भरू नका. डबे, धुणं, सासऱ्यांची औषधं तुम्ही आजारातही करतच असता, त्याने आकडा वर जात नाही. दिवसात एक तरी गोष्ट फक्त तुमची हवी. कुणाची रांगोळी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाचं माहेरच्या बहिणीशी दहा मिनिटं बोलणं. दोन, उठायची वेळ एकच ठेवा, झोप आली असो वा नसो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बरीचशी असते.

एखादा दिवस पूर्ण कोरा गेला तर तसं लिहा, 'कोरा'. पान फाडू नका.

९. सासूबाई म्हणतात, दिवसभर मोबाइलमध्ये काय असतं? घरात फोनही एकच आहे.

मग कोर्स फोनवर कमी आणि वहीत जास्त करा. आठवड्यातून एकदा अर्धा तास पाठ बघायचा, महत्त्वाचं उतरवून घ्यायचं, बाकी सगळं कागदावर. 'डॉक्टरांनी व्यायाम दिलाय' हे वाक्य खोटं नाही आणि घराला समजतं. वही हिशोबाच्या वहीसारखी दिसू द्या, पोरांच्या दप्तरात सापडेल अशी ठेवू नका. फोन सगळ्यांचा असेल तर ॲपला पिन लावा आणि स्क्रीनवर येणाऱ्या सूचना बंद करा.

१०. ते तिकडे बर्फात. त्यांना टेन्शन नको म्हणून सगळं ठीक आहे म्हणते. सांगू का?

मी चार वर्षं 'सगळं ठीक' म्हटलं, आणि नंतर यांनी विचारलं, 'मी कोण होतो मग तुझा?' त्यामुळे माझं उत्तर 'सांगा' असं आहे. फक्त वेळ बघून. नेटवर्क दोन मिनिटांचं असेल किंवा ते ड्यूटीवर निघत असतील तेव्हा नको. रडत सांगितलं तर तिकडे माणूस नुसता तळमळतो. शांत असताना तीन गोष्टी सांगा: मला नैराश्याचा त्रास आहे, मी त्यावर हे हे करतेय, तुम्ही फोन कराल तेव्हा एवढंच विचारा की वही लिहिली का. हातात काहीतरी काम मिळालं की फौजी माणूस सावरतो. पण ते कित्येक दिवस संपर्कात नसणार, म्हणून प्रश्न ६ मधली विचारणारी वेगळीच हवी.

११. माझ्या आजाराची नोंद झाली तर यांच्या प्रमोशनवर परिणाम होईल का?

जवानाची मेडिकल कॅटेगरी त्याच्या स्वतःच्या तपासणीवर ठरते. ती कॅटेगरी ज्या 'शेप' (SHAPE) या पाच अक्षरांत लिहितात, त्यातलं पहिलं अक्षर मानसिक आरोग्याचं आहे खरं, पण ते त्याच्या मनाचं, तुमच्या नव्हे. बायको उपचार घेते म्हणून नवऱ्याची कॅटेगरी उतरत नाही.

गोष्ट वेगळी होते ती तुमच्या आजाराच्या कारणाने त्यांनी कॅम्पॅशनेट ग्राउंडवर, म्हणजे घरच्या अडचणीपोटी, बदली मागितली तर. तेव्हा तुमचे कागद अर्जाला जोडावे लागतात, म्हणजे युनिटमध्ये काही जणांना कळणारच. तो निर्णय दोघांनी मिळून घ्या.

१२. एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) गेले तर सगळ्या क्वार्टर्समध्ये बोभाटा होईल ना?

डॉक्टरांनी गोपनीयता पाळावी हे कायद्यात आहे. पण वेटिंग रूममधल्या बाकड्याला कायदा लागू नाही, हे मलाही माहीत आहे. नको वाटत असेल तर आधी फोनवर टेलिमानसशी बोला, किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. मी स्वतः एमएचमध्येच गेले. उपचार फुकट, औषधं तिथेच. बोभाटा आठ दिवस झाला, आणि मग बोभाटा करणाऱ्यांतल्याच दोघी हळूच विचारायला आल्या, 'गोळीने झोप येते का हो?'

१३. बायकांच्या ऑनलाइन ग्रुपवर मन मोकळं करते. काही धोका?

मन मोकळं करा, ठिकाण मोकळं करू नका. युनिटचं नाव, कुठे आहेत, कधी निघणार, सुट्टीवरून कधी परतणार, वर्दीतला फोटो, मागे पाटी दिसणारा फोटो, यातलं काही नको. जुलै २०२० मध्ये आर्मीने आपल्या लोकांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, ती याच भीतीने. 'हे दूर आहेत आणि मला रात्री झोप नाही' एवढ्यावर मदत मिळते. ग्रुपमधलं कुणी खासगीत फार आपुलकीने यांची चौकशी करू लागलं तर उत्तर देऊ नका आणि यांना कळवा.

१४. रात्री दोनला चॅटबॉटशी बोलते. चालेल?

विचार सुटे करायला, उद्याची वही आखायला चालेल. पण तो बहुतेक वेळा तुमच्या हो ला हो करतो, आणि नैराश्यातलं मन स्वतःबद्दल चुकीचंच बोलत असतं. प्रश्न ३ मधली अवस्था असेल तर तो बंद करा आणि १४४१६ लावा. प्रश्न १३ चे नियम इथेही तेच.

१५. सीमेवर काही झालं की चोवीस तास टीव्हीसमोरून हलत नाही. आवरत नाही.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त निरोप आले, आणि निम्म्या जणींनी पाठवलेले व्हिडिओ खोटे किंवा जुने निघाले. चॅनेलवर तुमच्या माणसाची खबर येत नसते. त्यांच्याबद्दल काही असेल तर ते युनिट कळवतं. दिवसातून दोन वेळा, पंधरा पंधरा मिनिटं, एकच ठिकाण बघायचं ठरवा. झोपायच्या आधी नाही. मधल्या वेळात हात गुंतवा. आम्ही चौघी एकत्र बसून पापड लाटायचो, लागत नव्हते तरी.

१६. ते सुट्टीवर आले आणि मी जास्तच बिघडले. असं कसं?

असं होतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. वर्षभर गॅसपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं तुम्ही चालवलेलं. ते येतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, 'हे असं का ठेवलंय?' त्यांनाही घर पाहुण्यासारखं वाटत असतं. पोरं अंतर ठेवतात. वर नातेवाइकांची रीघ. आणि तुम्ही मनात वर्षभर रंगवलेली सुट्टी तशी नसते.

पहिला आठवडा घराचा कारभार बदलू नका, त्यांना तो बघू द्या. वही सुट्टीतही चालू ठेवा. जायच्या आधीचे चार दिवस पुन्हा जड जातात, त्या दिवसांत पीएचक्यूचा आकडा वाढला तर घाबरू नका. ते गेल्यावर दोन आठवड्यांनी परत मोजा.

१७. बाळ तीन महिन्यांचं आहे, रडू थांबत नाही. हेच सगळं मलाही लागू का?

अर्धंच. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात थोडं रडू येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचे तीन महिने झालेत, म्हणजे डॉक्टरांकडे जायला हवं. एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची खास बाळंतिणींसाठीची चाचणी आहे, ती पीएचक्यूपेक्षा बरी. अंगावर पाजत असतानाही देता येणारी औषधं असतात. भलतेच भास होत असतील, झोपेची गरजच वाटत नसेल किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो तातडीचा आजार. त्याच दिवशी रुग्णालय.

१८. गोळ्या चालू आहेत. कोर्स नीट जमला तर त्या बंद करू?

स्वतःहून नाही. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला बहुधा काही आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही ती महिनोन्‌महिने चालू ठेवतात. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता, आणि आजारही परत येऊ शकतो. बदलीत हेच होतं: सामान ट्रकमध्ये, गोळ्या संपलेल्या, नवीन स्टेशनचं कार्ड झालेलं नाही. मूव्ह ऑर्डर आली की पहिलं काम म्हणून महिन्याभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत ठेवा.

१९. ते आता नाहीत. लोक वीरपत्नी म्हणतात. मला रडूही येत नाही. हा कोर्स करू का?

इतक्यात नको. दुःख हा आजार नाही, त्याला गृहपाठ नसतो. रडू न येणंही दुःखच आहे. सत्कार, हार, पुढाऱ्यांचे फोटो यातून तुम्हाला उसंत मिळालेली नसते. सहा महिने उलटून गेल्यावरही दिवस ढकलणं अशक्य असेल, आठवणीपलीकडे काहीच उरलं नसेल, तर त्यासाठी वेगळा उपचार असतो, आणि तो माणसासमोर बसून घ्यायचा. प्रश्न ३ मधलं मात्र पहिल्या दिवसापासून लागू. पेन्शनचे कागद, सह्या, दिरांशी बोलणी यात एकटं जाऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना माहेरचं कुणीतरी सोबत न्या.

२०. हे सुट्टीत पितात आणि हात उचलतात. मन घट्ट करायचा काही कोर्स आहे का?

ताई, हे तुमच्या मनाचं दुखणं नाही. मार खाऊन उदास होणं म्हणजे मन शाबूत असल्याची खूण. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. क्वार्टरमध्ये असाल तर युनिटकडे तक्रार करता येते, आणि गावी असाल तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. वही लिहायचीच असेल तर तारखा लिहा.

२१. माझी बायको फौजेत अधिकारी आहे, मी घरी मुलांना सांभाळतो. तुमचं सगळं बायकांसाठीच दिसतंय.

खरं आहे, तुमचा निरोप आल्यावर मी हे वरचं सगळं पुन्हा वाचलं. हळदीकुंकू, सासूबाई, पापड. पीएचक्यूचे आकडे, वही, विचारणारा माणूस, हे तुम्हालाही तसंच लागू. वेगळं हे की तुम्हाला वेल्फेअरच्या मीटिंगला बोलावत नाहीत आणि बोलावलं तर पन्नास साड्यांत एकच शर्ट असतो. पुरुषांत नैराश्य पुष्कळदा चिडचिड किंवा दारू होऊन बाहेर येतं. तेव्हा वहीत मनाच्या आकड्याशेजारी ग्लासांचाही आकडा लिहा. आणि तुमच्यासारखे अजून दोघे मला लिहून गेलेत, एक देवळालीतून, एक बेळगावातून. तुमची परवानगी असेल तर तुम्हा तिघांची गाठ घालून देते, मग सोमवारी आणि गुरुवारी एकमेकांना विचारत जा.